लॅबमधला ब्लॉक पार्किंगमध्ये कसा पोचतो: मटेरियल रिसर्च कारखान्यात न्यायची गोव्यातली वाट

डिचोली तालुक्यात वाढलेल्या माणसाला टेलिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लोहखनिज धुतलं की मागे जो लाल, पिठासारखा बारीक गाळ राहतो तो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं परत थांबल्या, पण गाळ मात्र होता तिथंच राहिला आणि पाऊस जोरात लागला की अजून कुणाच्या ना कुणाच्या शेतात उतरतो. या गाळाचे पेव्हर ब्लॉक करावेत असं माझ्या डोक्यात एमएससीपासून होतं. लॅबमध्ये चांगला ब्लॉक व्हायला सात महिने लागले, तोच ब्लॉक कारखान्याच्या मशीनमधून रोज निघायला चार वर्षं. त्या चार वर्षांत जे शिकले ते क्रमानं लिहितेय. म्हणजे ज्या क्रमानं मी केलं त्या नाही, ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या. ताळगाव पठारावर, फर्मागुढीला, झुआरीनगरला, गोव्यातल्या कुठल्याही विद्यापीठात-कॉलेजात कोणी कोटिंग, सिरॅमिक, काँक्रीट, रेझिन, बॅटरी असल्या कशावरही काम करत असेल तर उदाहरण माझं असलं तरी पायऱ्या त्याच आहेत.

आधी एक मोजपट्टी. नासानं १९७० च्या दशकात टेक्नॉलॉजी रेडीनेस लेव्हल नावाची पद्धत काढली, आपल्याकडे सगळे टीआरएल म्हणतात, १ म्हणजे नुसतं तत्त्व कळलंय आणि ९ म्हणजे वस्तू खऱ्या वापरात चालू आहे. कॉलेजातलं बहुतेक काम ३ किंवा ४ वर थांबतं, पेपर तिथंच होतो आणि डिग्रीही तिथंच मिळते. कारखानदाराला ७ च्या खाली रस नसतो, कारण चालू मशीन थांबवून तुमचा प्रयोग करायचा म्हणजे त्याचा त्या दिवसाचा माल बुडतो. ४ ते ७ हा जो पट्टा आहे तो कुणाचाच नाही. हा लेख त्या पट्ट्याबद्दल आहे.

पहिलं काम: रिझल्ट यायच्या आधी कारखान्यात जा

मी उलटं केलं. आधी लॅबमध्ये ताकद मोजायचे काँक्रीटचे क्यूब पाडले, वाळूच्या जागी ३० टक्के टेलिंग, २८ दिवसांनी ताकद ४४ न्यूटन पर स्क्वेअर मिमी आली, खूप आनंद झाला आणि तो आकडा घेऊन मी एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पेव्हर युनिटमध्ये गेले. मालकानं ऐकून घेतलं, चहा दिला आणि मशीनवरच्या काकांकडे पाठवलं. काकांनी माझ्या मिक्सची मूठ दाबून बघितली, बोटांमधून पाणी सुटलं, आणि म्हणाले, "बाय, हो माल म्हज्या मशिनांत उबो रावचो ना."

त्यांचं बरोबर होतं. मी क्यूब ओतले होते सैल काँक्रीटचे, साच्यात चोवीस तास ठेवून मग काढलेले. त्यांचं हायड्रॉलिक मशीन चालतं जवळजवळ कोरड्या मिक्सवर, ज्याला शून्य स्लंप म्हणतात, माल साच्यात पडतो, व्हायब्रेशन आणि दाब बसतो आणि काही सेकंदात साचा वर उचलला जातो, ब्लॉकला त्याच क्षणी स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. पाणी वेगळं, कॉम्पॅक्शन म्हणजे माल दाबून घट्ट बसवणं वेगळं, म्हणजे माझा ४४ चा आकडा त्या मशीनबद्दल काहीच सांगत नव्हता. सात महिन्यांत एकदा जरी अर्धा दिवस तिथं उभी राहिले असते तर पहिल्याच आठवड्यात मिक्स बदललं असतं.

म्हणून विषय ठरला की लगेच तीन कारखाने बघा. कुंडई, वेर्णा, मडकई, बेतोडा, पिसुर्ले, थिवी, आपल्याकडे इस्टेटी अर्ध्या-पाऊण तासावर आहेत, पुण्या-मुंबईच्या पोरांना हे सुख नाही. जाताना "माझ्याकडे नवीन मटेरियल आहे" असं म्हणून जाऊ नका, "तुमच्याकडे काय बिघडतं" हे विचारायला जा. वहीत हे उतरवून आणा: मशीन कोणतं, एका सायकलला किती सेकंद, कच्चा माल कुठून आणि टनाला काय भावानं येतो, शंभरातले किती तुकडे रिजेक्ट होतात आणि कशामुळे, पावसाळ्यात काय बदलतं, गिऱ्हाईक तक्रार काय करतं. मालकाशी बोला, पण मशीनवरच्या माणसाशी जास्त बोला. मग लॅबमध्ये त्या मशीनची जमेल तेवढी नक्कल करा. मी शेवटी छोट्या व्हायब्रेटिंग टेबलावर वजन ठेवून दाब देणारा जुगाड वर्कशॉपमध्ये करून घेतला, दिसायला भयंकर, पण त्यावर मिळालेले आकडे मशीनवरच्या आकड्यांच्या जवळ जायला लागले.

पोस्टर लावायच्या आधी पेटंटचा निर्णय

हे लवकर सांगतेय कारण उशीर झाला की दुरुस्त होत नाही. कॉन्फरन्समधलं पोस्टर, पेपर, शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर चढलेला थिसिस, हे सगळं सार्वजनिक झालं की नावीन्य गेलं. कायद्यात काही मर्यादित सवलती आहेत पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. साधा मार्ग म्हणजे आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात आणि त्या वेळात पुढचे प्रयोग करता येतात. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, ऑनलाइन होतं सगळं, आणि व्यक्ती, स्टार्टअप, शिक्षणसंस्था यांना अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, खरा खर्च एजंटचा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तपासणीची मागणी वेगळी करावी लागते आणि २०२४ च्या नियमांपासून त्याची मुदत ३१ महिने झालीय, ही तारीख चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मिळालं तर २० वर्षं, अर्जाच्या तारखेपासून.

मटेरियलवाल्यांनी कलम ३ मधलं ई पोटकलम नक्की वाचावं. दोन-तीन माहितीचे पदार्थ नुसते एकत्र केले आणि त्यांच्या गुणांची फक्त बेरीज झाली तर पेटंट मिळत नाही, एकत्र आल्यामुळे काहीतरी जास्तीचं घडतंय हे आकड्यांनी दाखवावं लागतं. माझ्या ब्लॉकमध्ये ते दाखवणं अवघड होतं म्हणून मी मिक्सच्या मागे लागले नाही, गाळाची प्रक्रिया कशी करायची ती माहिती करारानं सांभाळली. प्रत्येक गोष्टीला पेटंट लागतंच असं नाही, पण निर्णय आधी घ्या, आणि लॅबची वही तारीख-सहीसकट ठेवा.

कच्चा माल खराब करून बघा

लॅबमध्ये आपण एआर ग्रेडची, म्हणजे प्रयोगासाठी शुद्ध केलेली, केमिकलं वापरतो, बाटलीवर शुद्धता लिहिलेली असते. कारखान्यात येतं ते गोणीतलं कमर्शियल ग्रेड, महिन्या-महिन्याला वेगळं. त्यामुळे फॉर्म्युला जमला की पुढचा प्रयोग हाच करायचा, तोच फॉर्म्युला बाजारातल्या मालावर, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर, आणि दोन वेगवेगळ्या सप्लायरच्या मालावर.

टेलिंगच्या बाबतीत तर हा विषय फारच मोठा निघाला. गाळ सोडतात त्या एकाच तळ्यात पाइपच्या तोंडाशी जाड कण बसतात आणि लांबच्या टोकाला चिकणमाती, म्हणजे नमुन्याच्या एका डब्यात हेमटाइट-गोएथाइट ही लोहखनिजं आणि क्वार्ट्झ जास्त, दुसऱ्यात केओलिन ही चिकणमाती. मी पहिला नमुना जिथं गाडी जाते तिथून घेतला होता, सोपं पडतं म्हणून, आणि त्यावर अख्खा प्रोजेक्ट केला. दुसऱ्या वेळी आतल्या बाजूचा माल आला तर पाणी इतकं प्यायला लागला की ताकद धडकन खाली. नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनच्या खालचा बारीक भाग ३ टक्क्यांपर्यंतच चालतो असं वाळू-खडीचं भारतीय मानक आयएस ३८३ सांगतं, आणि टेलिंग म्हणजे बहुतेक तोच बारीक भाग, हे मी तेव्हाच नीट समजून घ्यायला हवं होतं. बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त, पृष्ठभाग जास्त म्हणजे पाणी जास्त, आणि पाणी वाढलं की सिमेंट तेवढंच असताना ताकद पडणार.

नमुना घ्यायची पद्धत अशी: तळ्यावर किंवा ढिगावर चौकोन आखून निदान दहा-बारा ठिकाणांहून, वरचा अर्धा फूट बाजूला करून माल घ्या. प्रत्येक ठिकाणचा थोडा वेगळ्या डब्यात ठेवा आणि बाकीचा एकत्र करा. एकत्र केलेल्याचा शंकूसारखा ढीग करून चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा दोन टाका, असं हवं तेवढं होईपर्यंत. नुसत्या एकत्र केलेल्या मालावर प्रयोग करू नका, सगळ्यात वाईट डबा कोणता ते शोधून त्यावरही करा. वाईट डब्यावर जे प्रमाण चालतं तेच कारखान्याला सांगायचं. माझे ३० टक्के तिथंच १५ वर आले. पेपरमध्ये ३० छान दिसलं असतं, पण १५ टक्के खरोखर चालतात.

एकदा चांगलं आलं म्हणजे काही आलं नाही

तीन बॅच, तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या माणसांनी केलेल्या, आणि त्यातली एक अशा माणसानं जो फक्त तुमचं लिहिलेलं वाचून करेल, तुम्ही खोलीत नसताना. इथं फार गोष्टी बाहेर पडतात. माझ्या बाबतीत कळलं की मी गाळ ओव्हनमध्ये १०५ अंशाला रात्रभर सुकवायचे आणि हे वहीत लिहिलंच नव्हतं, मला ते इतकं सवयीचं झालं होतं.

सरासरीबरोबर पसारा, म्हणजे आकडे किती वरखाली होतात ते, बघा, हे काँक्रीटवाल्यांकडून सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. एम४०, म्हणजे ४० न्यूटन ताकदीचं काँक्रीट, हवं असेल तर सरासरी ४० येऊन चालत नाही, मिक्स डिझाइनच्या नियमानं लक्ष्य धरायचं ४० अधिक १.६५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे त्या पसाऱ्याचं माप. डेव्हिएशन ५ असेल तर ४८.२५. तुमच्या मालाच्या चढउतारामुळे तेच ८ झालं तर ५३.२, म्हणजे तेवढं सिमेंट जास्त, म्हणजे फुकट मिळालेल्या गाळानं वाचवलेले पैसे सिमेंटमध्ये गेले. पसारा कमी करणं हे थेट पैशाचं काम आहे, मालकाला हे वाक्य लगेच समजतं.

दहा-दहानं वाढवा

एक किलोवरून थेट टनावर उडी मारू नका. १ किलो, १० किलो, १०० किलो, मग एक टन, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून काय बदललं ते मोजा. बदलतं हे नक्की, कारण आकार वाढला की वजन आणि पृष्ठभाग एका वेगानं वाढत नाहीत. फायबर बोटी करणाऱ्यांना हे माहीत असतं, पण इपॉक्सी रेझिनवर काम करणाऱ्या मुलांना सांगावं लागतं: ५० ग्रॅम रेझिनमध्ये हार्डनर घालून कपात ठेवलं तर शांतपणे बसतं, ५ किलो बादलीत तेच केलं तर आतल्या आत तापून धूर निघू शकतो. वजन १०० पट झालं आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग जेमतेम साडेएकवीस पट, म्हणजे किलोमागे थंड व्हायला आधीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास जागा उरली. हे सुरक्षिततेचं आहे, हसण्यावारी नेऊ नका. भट्टीतही तेच, मफल फर्नेस या लॅबच्या छोट्या भट्टीत छोटा नमुना पाच मिनिटांत एकसारखा तापतो आणि मोठ्या तुकड्याचा मधला भाग कच्चा राहतो. गाळणं, धुणं, सुकवणं या तीन कामांकडे लॅबमध्ये कुणी बघत नाही आणि कारखान्यात बहुतेक वेळ, पाणी आणि वीज त्यातच जाते.

माझ्याकडे सुकवणं आडवं आलं. १० टनांच्या डंपरमध्ये १८ टक्के पाणी असेल तर जवळजवळ दोन टन पाण्याचं भाडं आपण भरतो, वर मिक्समध्ये ते पाणी येतं ते वेगळंच. ओव्हन शक्यच नव्हता. शेवटी ठरलं की माल डिसेंबर ते मे मध्येच उचलायचा, उन्हात पसरायचा, शेडखाली साठवायचा, आणि रोज सकाळी ओलावा मोजून मिक्सरमधलं पाणी तेवढं कमी करायचं. यात कुठलंही विज्ञान नवीन नाही, पण हे नसतं तर ब्लॉक झालाच नसता.

हिशोबाचं पान

हे एक पान पहिल्याच महिन्यात लिहा आणि दर महिन्याला सुधारा. ८० मिमी जाडीच्या पेव्हरचा एक चौरस मीटर साधारण १९० किलो भरतो. त्यात सिमेंट किती, खडी किती, दगडाची पावडर किती, गाळ किती, प्रत्येकाचा गाडीभाड्यासकट भाव, मजुरी, वीज, रिजेक्शन. मग शेजारी आजच्या ब्लॉकचं तेच पान. गाळ १५ टक्के वाळूची जागा घेतो म्हणजे नेमके किती किलो आणि किती रुपये, हे कळलं की भाडं किती किलोमीटरपर्यंत परवडतं ते आपोआप निघतं. माझ्या हिशोबात खाणपट्ट्याच्या जवळच्या इस्टेटींपलीकडे काही परवडत नव्हतं, म्हणून मी वेर्ण्याचा नाद सोडला. खरं तर गोव्यात कंपाउंड वॉल, घर, पायऱ्या सगळं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, त्यामुळे मी विटेच्या भानगडीत पडलेच नाही, चिऱ्याशी स्पर्धा करणं अवघड. पार्किंग आणि फुटपाथला मात्र पेव्हरच लागतात.

टेस्ट कुठली, कुणाकडून

तुम्हाला आवडणारी टेस्ट नाही, गिऱ्हाईकाच्या टेंडरमध्ये लिहिलेली टेस्ट. पेव्हरसाठी आयएस १५६५८, त्यात वाहतुकीप्रमाणे ग्रेड, पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत, घर्षण वगैरे. रिपोर्ट एनएबीएल, म्हणजे लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबचा घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवरचा इंजिनियर मान्य करत नाही. टाकाऊ माल वापरत असाल तर त्यातून धातू पाण्यात उतरतात का ती लीचिंग टेस्टही स्वतःहून करून घ्या. आपल्या गाळात मँगनीज असतं, आणि ज्या गावांनी हा गाळ सोसलाय त्यांच्याच अंगणात तो परत बसवणार असू तर हे त्यांना कागदावर दाखवणं आपलं कर्तव्य आहे.

आणि प्रवेगित, म्हणजे झीज लवकर घडवून आणणाऱ्या, टेस्टवर आंधळा विश्वास नको. गंजरोधक कोटिंगवाले सॉल्ट स्प्रेचे तास सांगतात, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, सतत फवारा. पण वास्कोच्या धक्क्यावर किंवा मालीमच्या ट्रॉलरवर ऊन, पाऊस, ओलं-सुकं, शेवाळ सगळं आळीपाळीनं येतं आणि चेंबरमध्ये जिंकलेलं कोटिंग तिथं हरू शकतं. चेंबरच्या जोडीला समुद्राकाठी पत्रे लावून ठेवा, एक पावसाळा तरी जाऊ दे.

फील्ड ट्रायल आणि पावसाळा

ट्रायल मेपर्यंत बसवा, म्हणजे पहिलाच ऋतू सगळ्यात कडक मिळतो. छोटी जागा, रोज गाड्या येणारी, आणि अर्ध्या भागात तुमचे ब्लॉक, अर्ध्यात नेहमीचे, एकाच दिवशी एकाच माणसानं बसवलेले. शेजारी तुलना नसेल तर काही बिघडलं तेव्हा ब्लॉकची चूक की खालच्या भरावाची हे कधीच कळत नाही. आमच्या ट्रायलमध्ये जुलैत कोपरा खचला, सगळे माझ्या ब्लॉककडे बघायला लागले, पण नेहमीचे ब्लॉकही तिथंच तेवढेच खचले होते, खाली पाइपलाइनचा जुना चर होता. ब्लॉक तुटले तर बदलून कोण देणार, हे आधी कागदावर लिहून घ्या. फोटो दर पंधरा दिवसांनी, एकाच जागेवरून.

परवानग्या, पैसा, करार

गाळ पडून आहे म्हणजे कुणाचा नाही असं नाही, एक ट्रक हलवायचा तरी खाण आणि भूगर्भ संचालनालयाकडे विचारावं लागतं. युनिटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशी दोन टप्प्यांत संमती लागते, आणि चालू युनिटनं कच्चा माल बदलला तरी मंडळाला कळवायला हवं. मालकाला हे तुम्ही सांगा, नंतर त्याला नोटीस आली तर तो परत कुठल्याच कॉलेजच्या माणसाला दारात उभं करणार नाही.

पैशासाठी घरातच उपाय आहेत. फातोर्ड्याला डॉन बॉस्को कॉलेजात आणि साखळीला जीआयएम या मॅनेजमेंट कॉलेजात नव्या उद्योगांना हात देणारी इन्क्युबेशन सेंटर आहेत, प्रोटोटाइपसाठी केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत मिळू शकतात. पुढच्या टप्प्याला केंद्राचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड आहे, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेली एक लाख कोटींची आरडीआय, म्हणजे संशोधन, विकास आणि नावीन्याची, योजना टीआरएल ४ आणि त्यापुढच्या कामासाठीच आहे, म्हणजे नेमका आपला कुणाचाच नसलेला पट्टा. १९५३ पासूनचं एनआरडीसी हे सरकारी महामंडळ लायसन्सिंगला, म्हणजे शोध वापरायचा परवाना कंपनीला द्यायला, मदत करतं.

करारात मी चार गोष्टी बघते. हक्क एकाच कंपनीला की अनेकांना, आणि एकालाच दिला तर ठरलेल्या मुदतीत उत्पादन केलं नाही तर परत येणार का. रॉयल्टी कशावर, विक्रीवर की नफ्यावर, विक्रीवरच घ्या, नफा दाखवायचे शंभर मार्ग असतात. कारखान्यात पुढे सुधारणा झाली तर ती कुणाची. आणि तुम्हाला पेपर लिहायची मोकळीक किती दिवसांनी. नमुना किंवा फॉर्म्युला हातात द्यायच्या आधी गुप्ततेचा करार, चहा पिताना तोंडी नाही. तुमच्या संस्थेलाही विचारा, शोध बहुतेक वेळा संस्थेच्या नावावर असतो.

वेळेची तयारी ठेवा. लिथियम बॅटरीतला कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, सोनीची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल, कमी लागणाऱ्या एलसी३ सिमेंटवर आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि स्वित्झर्लंडची ईपीएफएल अशी तगडी मंडळी होती, तरी भारतीय मानक आयएस १८१८९ निघायला २०२३ उजाडलं.

सोपवताना

एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ती लेखी पद्धत, दोन पानांची, मशीनवरच्या माणसाच्या भाषेत. आपल्या इस्टेटींमध्ये ऑपरेटर कोकणी-मराठी बोलणारे असतात तसेच हिंदी आणि कन्नडवालेही, म्हणून मी फोटोंवर भर देते: मूठ दाबल्यावर माल असा दिसला तर बरोबर, असा दिसला तर पाणी कमी कर. वजन किलोत सांगून भागत नाही, तिथं घमेल्यानं मोजतात, तेव्हा त्याच घमेल्यात माल तोलून खूण करून द्या. दोन पूर्ण शिफ्ट, एक दिवसाची एक रात्रीची, मशीनजवळ उभे राहा. रात्रीच्या शिफ्टला मला कळलं की ओलावा सकाळी एकदाच मोजतात आणि रात्री शेडच्या कडेचा माल वापरला जातो, जो दवानं भिजलेला असतो. दुसरी मोजणी तेव्हापासून सुरू झाली.

पहिले सहा महिने फोन उचला, कितीही वाजता आला तरी. आणि प्रत्येक बॅचचे तीन ब्लॉक आणि एक डबा गाळ तारीख लिहून बाजूला ठेवायला सांगा, निदान दोन पावसाळे जाईपर्यंत. आमच्याकडे ते शेडच्या मागच्या भिंतीला लावलेत, काकांनीच खडूनं नंबर घातलेत.